आमच्या घरी झोळी म्हणत नाहीत

"काका, वजन किती तुमचं?"

दुकानातल्या मुलीने विचारलं आणि आमचे हे क्षणभरही न थांबता म्हणाले, "बहात्तर."

मी यांच्याकडे बघितलं. यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. बहात्तर हे आजारपणाच्या आधीचं वजन. आता शर्टाच्या कॉलरमध्ये यांची मान देवळातल्या घंटेच्या लोलकासारखी हलायची. पण त्या मुलीला काय ठाऊक? तिने मान डोलावली आणि मागच्या फळीवरून नारळाएवढं एक हिरवं बोचकं काढलं.

"मग हा घ्या. दीडशे किलोपर्यंत धरतो. काकू पण बसल्या तरी हरकत नाही."

"काकू कीर्तनाला बसतील," हे म्हणाले. "लटकायचं काम माझं."

ती हसली. गार्गी तिचं नाव, छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं होतं. मालाडच्या त्या दुकानात छतापासून जमिनीपर्यंत सॅका, दोर, तंबू टांगलेले होते, आणि त्यांच्या मधोमध एका स्टुलावर आमचे हे, लवू, वय वर्षं त्रेपन्न, गुडघ्यांवर हात टेकून श्वास जमवत बसले होते. रिक्षातून उतरून दुकानाच्या तीन पायऱ्या चढल्याचा तो दम होता. हे तो दम असा लपवायचे, की जणू काही विचार करतायत.

गार्गीने बोचकं उलगडलं. पॅराशूटसारखं पातळ कापड, दोन्ही टोकांना चुण्या घालून आवळलेलं. बघता बघता ते दुकानाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलं.

"लांब घ्यायचा, काका. स्वस्तातले आखूड असतात, त्यात माणूस पोत्यात घातल्यासारखा होतो. आणि हे पट्टे घ्या. दोर नको."

"दोर का नको? दोर मजबूत असतो की."

"तुम्हाला चालेल हो, झाडाला नाही चालत. दोर सालीत रुततो. हा पट्टा रुंद आहे बघा, भार पसरतो, काचत नाही." तिने तो पट्टा यांच्या मनगटाभोवती गुंडाळून ओढून दाखवला. "आता महत्त्वाचं. नवीन माणूस एक चूक हमखास करतो. सरळ झोपतो. सरळ झोपलात की केळ्यासारखे दुमडता आणि छातीवर दाब येतो. तिरकं झोपायचं. डोकं या बाजूला, पाय त्या बाजूला. मग अंग सपाट होतं आणि श्वास मोकळा."

श्वास मोकळा म्हटल्यावर यांनी माझ्याकडे बघितलं. शाळेतल्या पोराने निबंधात आपलंच नाव वाचावं तसं.

"पाठीखालून गार वारा लागतो," गार्गी पुढे म्हणाली, "त्यासाठी खालची रजई वेगळी येते, पण ती महाग आहे."

"मी गोधडी शिवेन," मी म्हटलं.

"शिवा ना काकू, झकास. पण ती आत नाही टाकायची हां. बाहेरून, खाली टांगायची. अंगाखाली दबली की ऊब मरते. आणि घरी ट्रायल घ्याल तर खिडकीच्या ग्रिलला बांधू नका, हात जोडते. ग्रिलसकट खाली याल."

ती सगळं बांधून देत होती तेव्हा तिने सहज विचारलं, "आधी कधी केलंय का काका, असं कॅम्पिंग?"

"नाही. पहिल्यांदाच," हे म्हणाले.

दोघंही हसले. माझी नजर दारातल्या चपलांवर गेली. पहिल्यांदा म्हणजे काय आणि शेवटचं म्हणजे काय, हे देवाला ठाऊक असतं आणि बायकोला.

*

हे एका गोदामात स्टोअरकीपर होते. उंच पत्र्याचं छप्पर आणि पत्र्याखालच्या प्रत्येक लोखंडी तुळईवर कबुतरं. वर्षानुवर्षं खालच्या खोक्यांवर पांढरी भुकटी पडायची, हे ती फडक्याने झटकायचे आणि माल मोजायचे. एके दिवशी खोकला लागला तो गेलाच नाही. डॉक्टरांनी फोटो बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, "कबुतरांमध्ये असता का?" मला वाटलं, चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. फुप्फुसं आतून कडक होत चालली होती आणि कडक झालेली परत मऊ होत नाहीत, असं त्यांनी पेनाचं टोपण लावत सांगितलं.

आडवं झोपणं तेव्हापासून संपलं. आडवे झाले की खोकला, बसले की पाठदुखी. पलंगावर उशांची उतरंड रचून हे रात्र रात्र त्यावर कलते असायचे. धड निजलेले नाहीत, धड बसलेले नाहीत. मी शेजारी नामस्मरण करत पडायची आणि त्यांचा श्वास मोजायची. हो, नाम घेता घेता श्वास मोजायची. देव रागावला नसेल, दोन्ही एकच आहे असं आमचे कीर्तनकार बुवा सांगतात.

मग मोबाइलवर यांना तो परदेशी माणूस दिसला. कुठल्याशा जंगलात, दोन झाडांमध्ये कापड बांधून झोपलेला.

"जानकी, हे बघ," यांनी मला हलवलं. "हा बघ कसा आहे. धड निजलेला नाही, धड बसलेला नाही. माझ्यासारखा. पण झोपलाय बघ कसा!"

त्या दिवसापासून यांना दुसरं काही सुचेना. जंगलात, झाडांच्या हवेत, टांगून, एक रात्र झोपायचं. एकच रात्र. ऐकतील त्या सगळ्यांना हे सांगायचे. आमची प्रांजल पवईला नोकरीला आहे, ती संध्याकाळी घरी आली की बापलेक डोकं लावून बसायचे. वरून ताडपत्री कशी बांधायची, मच्छरदाणी कुठून घ्यायची. प्रांजलच्या मैत्रिणीच्या मामांची वासिंदजवळ वाडी आहे. तिथल्या दोन आंब्यांचा फोटो आला तेव्हा यांनी तो मोठा करून, बाजूने, खालून असा बघितला, की स्थळच बघतायत.

"बुंधा चांगला आहे," म्हणाले. "मधलं अंतर किती?"

"मामांनी पावलं टाकून मोजलंय बाबा, बरोब्बर आहे."

"स्वभाव कसा आहे पण?" मी म्हटलं.

"फळाला आलेलं घर आहे वहिनी, हुंडा नको म्हणतायत!" हा राजेशचा आवाज. राजेश यांचा धाकटा भाऊ, आमच्याच बिल्डिंगमध्ये खाली राहतो. हे हसायला गेले आणि हसणं खोकल्यात गेलं.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "ऑक्सिजनचं बॅटरीचं मशीन सोबत न्या. आणि जायचं तर लवकर जा." लवकर हा शब्द त्यांनी खाली मान घालून उच्चारला.

*

आता अडचण घरातच होती, ती माझ्या सासूबाई.

सासूबाईंनी ऐंशी पार केली आहे. मुंबईत इतकी वर्षं काढून बोलणं मात्र मालवणीच. अजून सकाळी "पाणी हाड गो" म्हणाल्या की मी पाणी आणून देते, आणि नव्या कामवाल्या बाईला वाटतं की त्या कुत्र्याला हाकलतायत. एरवी बाई लोण्यासारखी. एकच गोष्ट त्यांच्या राज्यात चालत नाही. आमच्या घरी झोळी म्हणत नाहीत.

लग्न होऊन आले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. प्रांजल तान्ही असताना मी साडीची झोळी बांधली आणि म्हटलं, "आई, हिला झोळीत टाका जरा." सासूबाईंचा चेहरा असा झाला की मी घाबरले. "पाळणो म्हण," म्हणाल्या. "ता नाव ह्या घरात घेव नको." देवळात कीर्तन संपलं की बुवांची झोळी फिरते, ज्याने त्याने यथाशक्ति टाकायचं, ती समोर आली की सासूबाई म्हणणार, "बुवांची पिशवी इली."

कारण यांनीच मला सांगितलं. गिरणी बंद पडल्यावर माझे सासरे बायकापोरांना घेऊन कुडाळकडच्या डोंगरातल्या वाडीत परत गेले होते. वाडीला रस्ता नव्हता. आजारी माणसाला चादरीच्या झोळीत घालायचं, झोळी बांबूला बांधायची, आणि गावकऱ्यांनी ती खांद्यावर घेऊन घाटी उतरायची. सासऱ्यांना तापाने घेरलं तेव्हा त्यांनाही तसंच नेलं. सासूबाई अंगणात उभ्या होत्या. बांबूला लोंबणारा तो फुगवटा वळणाआड गेला आणि परत आलं ते प्रेत. तेव्हापासून त्यांचं ठरलं, की झोळयेत घातलेलो माणूस परत येणा नाय.

"मी वळणापर्यंत मागून पळत गेलो होतो," हे मला एकदा म्हणाले. "बाबा घरात सकाळपासून कण्हत होते गं, सारखे. आणि झोळीत घातलं तसं त्यांचं कण्हणं थांबलं. एकदम निवांत. मी मागून बघत होतो, कापड असं हळूहळू झुलत होतं. मला वाटलं, बाबांना बरं वाटलं."

"मग?"

"मग काय? मला अजून तसंच वाटतं," हे म्हणाले. "आयेला सांगू नकोस."

मालाडहून आणलेलं ते हिरवं कापड प्रांजलने घरी मोठ्या हौसेने उलगडलं. एक टोक तिच्या हातात, दुसरं राजेशच्या. "आजी, हा बघ हॅमॉक!" मधोमध कापडाला झोळ पडला. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, त्या झोळाकडे बघितलं आणि हातातली जुडी तशीच परातीत ठेवली.

"ह्या काय हाडलंस रे?" यांना म्हणाल्या.

"झोपाळा आहे, आये. बागेतला."

"माका शिकवू नको. तुझ्या बापाशीक ह्याच्यातनाच नेल्यानी."

"आये, ते वेगळं. हे लोक मजेने झोपतात यात. जगभर झोपतात."

"जग निजांदे. माझ्या घरात ह्या बांधूचा नाय." त्या उठल्या. दारापर्यंत जाऊन परत वळल्या, आणि एकदम हात जोडले. पोटच्या पोराला हात जोडले. "झिला, तुका काय व्हया ता खा, खंय जावचा थंय जा. पण ह्याच्यात जाव नको."

प्रांजलने कापड गुंडाळलं. ट्रायल राहूनच गेली. त्यानंतर ते बोचकं कपाटात माझ्या साड्यांमागे गेलं, आणि हे कधीकधी मला हळूच म्हणायचे, "काढ गं जरा." मग उशांच्या उतरंडीवर बसून त्या चुण्यांवरून बोटं फिरवायचे, पट्ट्याची कडी उघडायचे, लावायचे. कधी नुसतंच मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत राहायचे. खिडकीला आम्ही जाळी ठोकून घेतली होती. जाळीपलीकडे कबुतरं घुमायची.

गोधडी मात्र मी शिवली. जुन्या नऊवारींची, चारी कोपऱ्यांना नाड्या लावलेली, बाहेरून टांगायची. सासूबाई बघायच्या. एकदा जवळ येऊन टाक्यावर बोट ठेवलं. "हयसर दोरो सैल आसा," म्हणाल्या आणि निघून गेल्या. मी तो टाका उसवून पुन्हा घातला.

*

रविवार ठरला, आणि यांना ताप आला. पुढचा ठरला, तेव्हा गाडीवाला मिळाला पण यांच्यात उठायचं बळ नव्हतं. आधी रात्रीचा असलेला ऑक्सिजन आता दिवसभराचा झाला. नळी नाकात, नळी लांब, नळीच्या टप्प्यात येईल तेवढंच यांचं जग. मोरीपर्यंत पोचायची, देवघरापर्यंत पोचायची नाही. मग मी देवच पलंगाजवळ आणून ठेवले.

एकादशीला कीर्तन होतं. मी जाणार नव्हते, पण हेच म्हणाले, "जा गं. तू आलीस की मला सांग, बुवांनी काय रंगवलं ते." बुवांनी त्या दिवशी मागणं या विषयावर निरूपण लावलं होतं. म्हणाले, देवाकडे मोठं मागा, लहान मागून त्याचा अपमान करू नका. टाळ वाजत होते, लोक डोलत होते, आणि मला काही केल्या मोठं मागता येईना. मी म्हटलं, देवा, आयुष्य नको मागत. तुला द्यायचं नाहीये ते मला दिसतंय. दोन झाडं दे. दोन झाडं आणि एक रात्र, एवढं तर तुझ्या अंगणात पडलेलं असतं.

घरी आले तर हे वाटच बघत होते. "काय रंगवलं?"

"मोठं मागा म्हणाले."

"मग? काय मागितलंस?"

"तुमचे आंबे."

हे डोळे मिटून हसले. "या रविवारी जायचंच," म्हणाले. "मी नाही उठलो तर उचलून न्या."

*

शनिवारी दुपारी सामान दारात होतं. प्रांजलने मशीनच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या होत्या, राजेश गाडीवाल्याशी फोनवर बोलत होता. मी यांना पेज भरवत होते. दोन चमचे गेले, तिसऱ्याला यांनी माझं मनगट धरलं. जोरात. ओठ निळे पडले होते.

अॅम्ब्युलन्स लवकर आली, त्याबद्दल देवाचे आभार. पण आमची भटवाडीतली बिल्डिंग जुनी, चार मजले, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्यावर. आणि जिना असा की नवं कपाट आणलं तर ते दोरीने गॅलरीतून वर ओढावं लागतं. अॅम्ब्युलन्सचे दोघं स्ट्रेचर घेऊन अर्ध्यावर आले आणि वळणात अडकले. उभं केलं, तिरपं केलं. कठड्याच्या लोखंडाला लागून त्याचा असा कर्कश आवाज झाला की खालची दारं उघडली.

"खुर्ची द्या, खुर्चीत बसवून नेऊ," त्यातला एक ओरडला.

त्याने यांना सिलिंडरचा मास्क लावला, खुर्चीत बसवलं. यांची मान पुढे पडली, अंग घसरायला लागलं. राजेशने काखेत हात घातले तर हे घुसमटले. "नाही नाही, असं नको, श्वास अडकतोय," तो माणूस म्हणाला. "चादर आहे का, चादर?" प्रांजलने पलंगावरची चादर ओढली. जुनी, धुऊन धुऊन विरलेली. उचलल्याबरोबर एका अंगाला टर्रकन फाटली. यांना आम्ही तिथेच, उंबऱ्यात, जमिनीवर टेकवलं. आडवं. जे यांना कधीच झोपता येत नव्हतं, तसं आडवं. आणि यांच्या गळ्यातून तो आवाज यायला लागला.

सगळे एकदम बोलत होते. कुणी म्हणे दोर आणा, कुणी म्हणे फायर ब्रिगेड. मी फक्त यांचं डोकं मांडीवर घेऊन विठ्ठल विठ्ठल म्हणत होते आणि तेही नीट उमटत नव्हतं.

सासूबाई देवघराच्या दाराला धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या,

"झोळी हाडा."

कुणाला ऐकूच गेलं नाही. मला गेलं. मी वर बघितलं. त्यांचा चेहरा कोरडा होता.

"ऐकाक येणा नाय तुमका? झोळी हाडा ती! कपाटातली!"

प्रांजल धावली. ते हिरवं कापड भररर करत उलगडलं आणि यांच्या अंगाखाली सरकवलं. राजेशने विचारलं, "आये, बांबू? कपड्यांच्या वळणीचा बांबू काढू?"

"बांबू नको. ह्या जिन्यात बांबू फिरूचो नाय. खांद्यार घ्या." त्या आता उंबऱ्यात आल्या होत्या, वाकून हाताने दाखवत होत्या. "तिरको घाला तेका. सरळ घातल्यात तर दुमडतलो. डोका हयसर. पाय थंयसर. वायच अजून. हां."

यांचे डोळे उघडे होते. आईचं बोलणं ऐकून, मास्कच्या आत, यांचा ओठ हलला. दुकानातली गार्गी हेच म्हणाली होती की.

राजेशने एक पट्टा दोन्ही खांद्यांवरून घेतला, अॅम्ब्युलन्सच्या माणसाने दुसरा. उचलले. कापडाला झोळ पडला आणि हे त्यात, तिरके, मावले. पाठ सपाट, डोकं वर. तो गळ्यातला आवाज हळू झाला. वळणावर कापड माणसासारखं वळलं, कठड्याला अंग चोरून गेलं. मी सिलिंडर घेऊन मागे.

दुसऱ्या मजल्यावर यांनी मास्क बाजूला केला. "राजेश... जड होतोय काय रे?"

"नाही रे दादा," राजेश म्हणाला. "काहीच वजन नाही तुझं."

म्हणाला आणि त्याने जीभ चावली. त्याच्या मानेवरची शीर मला मागून दिसत होती.

"बहात्तर आहे," हे म्हणाले.

पट्टा रुंद होता. राजेशच्या खांद्याला काचत नव्हता.

खाली अंगणात एक बदाम आहे, एकुलता, त्याच्याखाली स्कूटर लावतात. तिथून अॅम्ब्युलन्सपर्यंत नेताना यांच्या तोंडावरून त्याची सावली सरकत गेली आणि यांनी डोळे वर लावून ती जाईपर्यंत बघितली. एकच झाड होतं. देवाने अर्धं दिलं.

कापडासकटच त्यांना गाडीतल्या स्ट्रेचरवर ठेवलं. गाडी सुरू झाली तेव्हा मी वर बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या जाळीमागे सासूबाई उभ्या होत्या. तिथून त्यांना फक्त हिरवं कापड दिसलं असणार.

रस्ताभर हे खोकले नाहीत. एकदाही नाही. श्वास हळू, लांब, पुन्हा हळू. मी यांच्या कानाशी नाम घेत होते आणि मनात म्हणत होते, झोपले. किती महिन्यांनी झोपले! दवाखान्याच्या दारात एक पोरगेलासा डॉक्टर पुढे आला, त्याने यांच्या मानेवर बोटं ठेवली, डोळ्यात बॅटरी मारली आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याला सांगितलं, "हळू बोला हां, आत्ताच डोळा लागलाय."

*

दहावं, तेरावं झालं. येणारे जाणारे कमी झाले. दवाखान्याने एका प्लास्टिकच्या पिशवीत यांचे कपडे आणि ते हिरवं कापड परत दिलं होतं. मी पिशवी तशीच पलंगाखाली ठेवली होती. एके दिवशी सासूबाईंनी ती ओढून काढली, कापड मोरीत नेऊन स्वतःच्या हाताने धुतलं, वळणीवर टाकलं. पातळ कापड ते, लगेच वाळलं. त्याची घडी घालता घालता म्हणाल्या,

"मी नाव घेतलंय. म्हणान तो गेलो."

"नाही हो, आई," मी म्हटलं. मला त्यांना काहीतरी द्यायचं होतं आणि माझ्याकडे एवढंच होतं. "तुम्ही नाव घेतलंत म्हणून ते झोपले. मी जवळ होते ना. खोकला नाही, कण्हणं नाही. एकदम निवांत. इतक्या दिवसांत इतके शांत झोपले नव्हते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, कीवच होती.

"गो जानके," त्या म्हणाल्या, "तुझो सासरो पण असोच निजलो."

मी कापडाचं दुसरं टोक धरलं. यांनी आईला सांगू नकोस म्हटलेलं मी कधीच सांगितलं नाही. आता वाटतं, त्यांना ते सांगायची गरजच नव्हती. त्यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं.

प्रांजल म्हणते, ती एकटी वासिंदला जाऊन त्या आंब्यांना ते बांधून येणार आहे. जाईल तेव्हा जाईल. गोधडी अजून घडीतच आहे, तिला कसलीच ऊब लागलेली नाही.

पुढच्या एकादशीला मी देवळात निघाले तर सासूबाई म्हणाल्या, "मी पण येतंय." हात धरून नेलं. भिंतीला टेकून बसल्या, पूर्वरंग ऐकला, उत्तररंग ऐकला, टाळ्या वाजवल्या नाहीत. शेवटी बुवांची झोळी फिरत फिरत आमच्या रांगेत आली. भगव्या कापडाची, तळाशी झोळ पडलेली. मी माझं टाकलं आणि झोळी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती पुढे केली नाही. दोन्ही हातांत धरून बसल्या. पुढची बाई हात पसरून थांबली, बुवांचा टाळकरी वळून बघायला लागला. सासूबाईंनी झोळी जराशी उचलली, जोखून बघितली, पुन्हा उचलली.

"ही जड आसा," म्हणाल्या, आणि पुढच्या बाईकडे दिली.